भिंतीवरची वाकळ

“ही वाकळ तुमच्या हातची हाय का न्हाई, एवढंच सांगा आक्का. बाकीचं माझं मी बघतो.”

विलास माझ्या ओट्यासमोर उभा होता आणि त्यानं फोन माझ्या नाकाशी धरला होता. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी चालूच ठेवलेला, त्याची धडधड घरापर्यंत येत होती. मी सुई कापडात खोचली, चष्मा पदरानं पुसला आणि बघितलं.

फोनात एक गल्ली होती. कडेला विटांची भिंत, भिंतीवर वाळत घातलेल्या चार-पाच वाकळा. मधली हिरवी. तिच्या एका कोपऱ्यात लाल त्रिकोणी ठिगळ. भिंतीपाशी एक बाई बादलीवर वाकलेली, तिचा पदर धरून एक लहान पोरगी. दोघींची तोंडं धुरकट, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी. तोंडं पुसली होती. वाकळ तशीच ठेवली होती.

त्या वाकळेतला टाका न् टाका माझा. ती बाई म्हणजे विलासची बायको शैला, आणि पोरगी त्याची लेक. शैला त्याचं घर सोडून गेली तेव्हा तिच्या खांद्यावर ऊसतोडीच्या कोयत्याचा घाव होता, आणि तो त्यानंच घातला होता. पुन्हा दिसली तर मान उतरवीन, असं त्यानं गावच्या पारावर चार माणसांत सांगितलं होतं. ती कुठं गेली हे सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडच्या त्याच्या गावात कुणालाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मीच तिला पाठवलं होतं.

“तोंड दिसत न्हाई कुणाचं,” मी म्हणाले.

“तोंडाचं कोण इचारतंय? वाकळंचं इचारतोय. ह्यो तुमचा त्रिकोण हाय का न्हाई?”

त्रिकोण माझाच होता. नाही म्हणायला जागा नव्हती.

आता हे इथंच थांबवून थोडं मागचं सांगते. वाकळ म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला माझ्यावर काय वेळ आली होती ते कळणार नाही.

मी वाकळा शिवते. शहरात तिला गोधडी म्हणतात. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं हातात सुई आली ती अजून आहे. हे मीच लिहिलं आहे. शुद्धलेखन तेवढं शेजारच्या सुभेदारांच्या सुनेनं, ज्योतीनं सुधारलं. माणसांची नावं मी बदलली आहेत. का बदलली ते पुढं कळेलच.

काम अवघड नाही, म्हणूनच वाईट करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. घरातली जुनी लुगडी, धोतरं, परकर जमिनीवर अंथरायचे. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, जे जड असेल ते ठेवायचं. खाली एक कापड, मध्ये भरण, वर चांगलं लुगडं. कडेनं टाका सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायचं. प्रत्येक टाक्याला तळहातानं कापड सारत राहायचं, नाहीतर मधोमध फुगा येतो आणि माणूस जन्मभर त्या फुग्यावर निजतो.

नऊवारी लुगडं मधोमध फाडलं की एकेका अर्ध्यात एका वाकळेचा वरचा भाग होतो. म्हणजे एका लुगड्याच्या दोन वाकळा. त्यांना आम्ही जुळ्या म्हणतो. रंग एक, काठ एक, विरलेली जागासुद्धा एक. आई गेली की तिच्या लुगड्याच्या अशा जुळ्या करून दोन लेकींना देतात. एकच लेक असली की दोन्ही तिच्याकडं जातात.

आणि त्रिकोण. वाकळेला डोक्याची बाजू आणि पायाची बाजू कळली पाहिजे. अंधारात पायाकडची बाजू तोंडावर ओढली तर मला तरी किळस येते. म्हणून डोक्याकडच्या उजव्या कोपऱ्यात मी लाल कापडाचा त्रिकोण घालते. दुसऱ्या कुणी घालत नाही. फलटणपासून तासगावपर्यंत कुठंही वाकळ झटकली आणि लाल त्रिकोण दिसला की बायका म्हणायच्या, ही हौसाआक्काची. मला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये? काम चांगलं होतं.

वाकळ बहुतेक वेळा लोकांच्या घरी जाऊन शिवावी लागते, कारण कापड त्यांचं असतं; थोडी गिऱ्हाइकं तेवढी कापड माझ्या घरी आणून देतात. मी त्यांच्या ओट्यावर बसते, घरातली बाई एकेक कापड आणून देते आणि देताना बोलते. हे लुगडं सासूचं, हे बाळंतपणातलं, हे नेसले की नवरा हसायचा. वरचं लुगडं सगळ्यांना दिसतं. आत काय भरलं ते तिला आणि मला ठाऊक. एका घरात फौजेतून परत न आलेल्या मुलाचा वर्दीचा सदरा आईनं माझ्या हातात कोंबला. बापानं मुलाची एकही वस्तू घरात राहू दिली नव्हती. मी तो सदरा भरणात, छातीच्या जागी घातला. त्या बापानं नंतरचे सगळे हिवाळे तीच वाकळ पांघरून काढले. गाव सांगणार नाही. आतलं बाहेर बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. जी बोलते तिला दुसऱ्या वर्षी कुणी ओट्यावर बसू देत नाही.

मागं एक बाई पुण्याहून गाडी घेऊन आल्या होत्या. त्यांना वाकळ भिंतीवर टांगायला हवी होती.

“अंगावर घेणार न्हाई?” मी विचारलं.

“नाही हो, ही कला आहे. आणि प्रत्येक तुकड्याखाली लिहायचं, ही साडी कुणाची, त्या बाईची गोष्ट काय. तुम्ही फक्त नावं सांगा.”

“त्या बायांना इचारलंय का?”

“त्यात काय विचारायचं? जुन्या साड्या तर आहेत.”

“मग तुमच्या आईचं लुगडं आणा. तिच्या गोष्टी लिवा आणि टांगा.”

त्या चहा न घेता गेल्या. चहा मी ठेवलाही नव्हता.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे शेजारचे सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले. पहिल्यांदा वाकळ शिवून घेतली तेव्हा ते फूटपट्टी घेऊन शेजारी बसले आणि दोन टाक्यांमधलं अंतर मोजू लागले.

“आक्का, ही लाईन वाकडी चाललीय.”

“सुभेदार, हिच्यावर निजायचं हाय, परेड करायची न्हाई.”

पण माणूस सरळ. वाकळ घेतली, अंथरली, पलंगाला चारी बाजूंनी सारखी लोंबते का ते मोजलं आणि म्हणाले, “ओके.” त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

फोनातल्या नकाशासाठी रस्त्यांची चित्रं काढत फिरणारी नकाशावाल्यांची गाडी आमच्या गल्लीतून गेली ती नवरात्राच्या तोंडावर. छतावर खांब, खांबावर डोळे असलेला गोळा. हळूहळू गेली, थांबली नाही, कुणाला काही विचारलं नाही. घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात, म्हणजे घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून सगळं धुतात. त्या आठवड्यात सातारा काय, सांगली काय, एक भिंत, एक कुंपण मोकळं नसतं. वर्षभर घरात दडलेल्या वाकळा सगळ्या एकदम रस्त्यावर येतात. त्या गाडीला दुसरा आठवडा मिळाला नाही.

काही महिन्यांनी ज्योतीनं फोनात आमची गल्ली काढून दाखवली. आम्ही सगळे जमून हसलो. मी ओट्यावर शिवत बसलेली, तोंड धुरकट, आणि डोक्यावर दोरीला माझा परकर. सगळ्या जगानं बघितला म्हणायचं. बघू दे, फाटका नव्हता. सुभेदार बनियनवर दात घासत होते. ते मात्र चिडले.

“एवढी वर्षं देशाची नोकरी केली, आणि माझं तोंड पुसलं? चोर हाय काय मी?”

“मामंजी, तुमच्या भल्यासाठीच पुसलंय,” ज्योती म्हणाली.

“मग बनियनचं भोक का पुसलं न्हाई?”

तेव्हा मी हसले. पुढं कधी सुभेदारांचं हे बोलणं आठवलं की हसू येत नाही, कारण मुद्दा तोच होता. यंत्राला तोंड कळतं. गाडीचा नंबर कळतो. माणूस आणखी कशावरून ओळखू येतं, ते यंत्राला कुणी सांगितलेलं नव्हतं.

शैलाच्या वाकळा मी तिच्या सासरी जाऊन शिवल्या होत्या. तिची आई वारली, ही एकुलती, म्हणून आईचं हिरवं लुगडं तिच्याकडं आलं. हिरव्या लुगड्याला लाल काठ, आणि काठाच्या मधून एक पिवळी रेघ. तिच्या सासूनं, तानूबाईनं, तेव्हा मला फार त्रास दिला. टाके विरळ आहेत, दोरा जास्त लागतो, चहा कशाला दोनदा. शैला कापड धरायला बसली की तानूबाई उंबऱ्यातून तिच्यावर ओरडायची. तोंडाळ बाई म्हणून मी तिला मनातून काढून टाकली होती. विलास टेम्पो चालवायचा, घरी आला की पोरगी माझ्यामागं येऊन बसायची. शैलाचं मनगट सुजलेलं मी बघितलं होतं. मी तिला एवढंच सांगितलं की माझं घर साताऱ्यात कुठं आहे.

कोयत्याचा घाव घातला त्यानंतर ती आली. लेकीला त्या हिरव्या वाकळेत गुंडाळून आणलं होतं, दुसरं काही आणलं नव्हतं. पोलिसांत जाऊन आली होती. गावातल्यांनी मिटवामिटवी करून पुन्हा त्याच घरात पाठवायचं ठरवलं होतं. मी तिला तासगावला मुमताजभाभीकडं धाडलं. भाभी माझं जुनं गिऱ्हाईक. बेदाण्याच्या शेडवर बायकांची टोळी तिच्या हाताखाली असते, द्राक्षं जाळ्यांवर पसरायची, वाळली की झाडायची. तिनं शैलाला कामावर घेतलं आणि शेडच्याच बोळातल्या आपल्या घरामागची खोली दिली. शैलानं फोन वापरायचा सोडला, माहेरच्या गावाला कळवलं नाही, पोरीचं नाव शाळेत दुसरं सांगितलं. सगळी काळजी घेतली. दसरा काढताना वाकळ धुतली आणि भिंतीवर टाकली. ती घरात कशी वाळवायची? कुणी तसं करत नाही. ओली वाकळ दोन बायकांना उचलत नाही.

तर विलास माझ्यासमोर फोन धरून उभा होता, आणि त्यानं विचारलं होतं, हा तुमचा त्रिकोण आहे का.

“हे चित्र तुला घावलं कुठं?” मी विचारलं.

“आवं, बेदाण्याची बॉक्सं भरायला तासगावला जायाचं हाय. शेडच्या बोळात टेम्पो वळतोय का ते आदी फोनात बघून घेतो. समदेच ड्रायव्हर बघत्यात. बोळ बघाय गेलो आन् भिंतीवर ही दिसली.” त्यानं दात खाल्ले. “लय शानी समजती सोताला.”

“वाकळ माझी हाय,” मी म्हणाले. “पर माझ्या हातच्या हिरव्या वाकळा तासगावात बी हायती आन् विट्यात बी हायती. ही तुझ्याच घरची कशावरनं?”

“हिरवं लुगडं शैलीच्या आईचं.”

“हिरवं लुगडं काय तिच्या आईनंच नेसलं व्हय रं? माझ्या बी अंगावर हिरवंच हाय. धर माझा हात आन् ने मला.”

“थट्टा नगा करू आक्का.”

त्याला थट्टा नको होती, कारण आधी एकदा त्याची झाली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून तो कराडला गेला, भर बाजारात एका बाईचा हात धरला, आणि ती दुसरीच निघाली. लोकांनी धुतला. पोलिसांनी नाव लिहून घेतलं आणि पुन्हा असं झालं तर आत टाकू म्हणून सांगितलं. म्हणून तर तो तासगावला परस्पर न जाता माझ्या दारात आला होता. त्याला खात्री पाहिजे होती.

मी त्याच्याकडून फोन घेतला. “मोठं कसं करायचं हे?” त्यानं दोन बोटांनी केलं. काठ स्पष्ट दिसला.

“लाल काठ, मदी पिवळी रेघ. दिसती न्हवं?”

“दिसती.”

“शैलीच्या आईच्या लुगड्याची दुसरी वाकळ तुझ्या घरात हाय. जुळी. तिच्या काठात पिवळी रेघ हाय का?”

पुरुष जन्मभर वाकळेत निजतो, पण तिचा काठ कसला ते त्याला सांगता येत नाही.

“आईला फोन करून इचारतो.”

“फोनवर काठ जुळतो व्हय? ही शेजारी ठेवून बघावी लागती. घेऊन ये हितं. जुळला तर तुझी खात्री झाली. न जुळता गेलास तर कराडला मार खाल्लास, तासगावला जेलात जाशील.”

त्यानं फोन खिशात घातला. मग गेला. साताऱ्याहून त्याचं गाव म्हणजे टेम्पोनं जाऊन यायला दुपार मोडते. मला तेवढीच दुपार पाहिजे होती. तो ती वाकळ घेऊन आला की काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं. आली की काठ जुळणार होता. माझ्याच हातच्या त्या जुळ्या होत्या.

मी मुमताजभाभीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शेडवर काम चालू असताना बायका पिशव्या खुंटीला अडकवून ठेवतात आणि फोन पिशवीत राहतो. जेवायची सुट्टी होऊन गेली तरी कुणी उचलला नाही. मी शिवायला बसले, पण टाके वाकडे पडू लागले. सुभेदारांनी ते त्यांच्या ओट्यावरून बघितलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल ते कळतं.

ऊन कलल्यावर भाभीचा फोन आला.

“काय गं आक्का, किती फोन? कोण मेलं?”

“आजून कुणी न्हाई. शैली कुठं हाय?”

“हितंच, जाळ्या झाडतीया.”

“त्यानं तुझी भिंत बघितली. फोनात. वाकळ वळखली.”

भाभी म्हणाली, “भिंत कोण बघायला आलंवतं?”

“गाडी आलीवती वर खांब असलेली. ते जाऊ दे. पोरीला शाळंतनं आण आन् दोघींना हलव.”

“आज? अगं, उद्या सकाळपतूर तरी पायजे. बहिणीला कळवायला लागंल, तिकडनं गाडी…”

“कुठं हलवायची ते मला सांगू नगं,” मी म्हणाले. “मला ठावं नसलं म्हंजे माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई.”

फोन ठेवला. सकाळपर्यंतचा वेळ पाहिजे होता. आणि विलासचा टेम्पो गल्लीत वळत होता.

तो काखेत वाकळ घेऊन आला आणि ओट्यावर फेकली. मी पहिली घडी उलगडली आणि माझे हात थांबले.

हिरवी होती. माझ्याच हातची होती, कोपऱ्यात लाल त्रिकोण होता. पण शैलाच्या आईच्या लुगड्याची नव्हती. ते तानूबाईचं स्वतःचं लुगडं होतं. शैला त्या घरात यायच्या आधी मीच ती शिवली होती आणि तानूबाई टाक्यांवरून माझ्याशी भांडली होती. काठ नुसता लाल.

“ही आईनं दिली?” मी विचारलं.

“व्हय.”

“कशाला पायजे ते सांगितलंस तिला?”

“सांगितलं की. म्हणलं, शैली तासगावात घावलीया, आक्काला काठ जुळवून बघायचा हाय. म्हातारी काय बोलली न्हाई. आत गेली, पेटीतनं काढून दिली. म्हणली, हीच ती.”

मी त्याच्याकडं बघितलं नाही. वाकळ पसरली, काठ वर घेतला. “लाव तुझा फोन शेजारी. तूच बघ. मला म्हातारीला दिसत न्हाई असं नगं व्हायला.”

तो गुडघ्यावर बसला. फोनातला काठ मोठा केला, वाकळेवरचा काठ बघितला, पुन्हा फोन. तेवढ्यात सुभेदार आलेच. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मोजायचं काही असलं की ते येतात.

“काय जुळवताय?”

“काठ,” मी म्हणाले.

सुभेदार वाकले. चष्मा कपाळावर, डोळे काठाला. “फोनातल्या काठात पिवळी लाईन हाय. हितं न्हाई. आन् रुंदी बी जुळत न्हाई. हे दोन येगळे हायत. लेकरू बी सांगंल.”

खोटं कुणीच बोललं नाही. ना सुभेदार, ना मी. जे समोर होतं ते जुळत नव्हतं.

विलासनं वाकळेला पायानं ढकललं. “मग कुठं तोंड लपवून बसलीया सटवी?” हे तो मला विचारत नव्हता. वाकळ उचलून टेम्पोत टाकली आणि गेला. तासगावच्या दिशेला नाही, घराकडं. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन बघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैला आणि तिची लेक तासगावातून गेल्या. तासगाव मी खरं लिहिलं आहे ते त्यामुळंच. आता त्या तिथं नाहीत. आठवड्याभरानं विलास बेदाणा भरायला त्या बोळात गेला, टेम्पो उभा करून भाभीच्या दारात डोकावला. भाभीनं त्याला खोली उघडून दाखवली. आत द्राक्षाची क्रेटं रचलेली होती.

ते चित्र पुसायचं काम ज्योतीनं केलं. फोनात त्यासाठी जागा असते. काय झाकायचं आहे ते विचारतात: माणसाचं तोंड, घर, गाडी, की आणखी काही. वाकळेसाठी जागा नव्हती. ज्योतीनं “आणखी काही” निवडलं.

“काय लिहू आक्का?” तिनं विचारलं.

“लिव, ही वाकळ म्हंजे एका बाईचा पत्ता हाय.”

तिनं लिहिलं. काही दिवसांनी ती सगळी भिंतच धुरकट झाली. ती आता पुन्हा कधी स्पष्ट होणार नाही, असं ज्योती म्हणते. नकाशावाले वाईट लोक आहेत असं मी म्हणत नाही. त्याच नकाशावर बघून लोक माझ्या घरापर्यंत येतात आणि वाकळा शिवून नेतात. पण रस्त्यावरून जाताना लोकांच्या भिंती बघणं वेगळं, आणि भिंत उचलून जगभर नेऊन ठेवणं वेगळं. आमच्या गल्लीतून जाणारा माणूस भिंत बघतो, पुढं जातो आणि विसरतो. आणि विलासच्या फोनात त्यानं काढून ठेवलेलं चित्र असेल तर ते कोण पुसणार? ज्योतीलाही ते सांगता आलं नाही.

त्या दिवसापासून मी वाकळेच्या कोपऱ्यात त्रिकोण घालत नाही. बायका विचारतात, आक्का, तुमची खूण? मी सांगते, डोळ्यांना दिसत नाही, बारीक काम होत नाही. डोक्याची बाजू कळायला आतल्या अंगानं दोन टाके जास्त घालते. बोटाला लागतात. बाहेरून दिसत नाहीत. आता माझी वाकळ कुणी ओळखत नाही. सवय व्हायला वेळ लागला, खोटं कशाला सांगू.

तानूबाई मला पुढं एकदाच भेटली, लोणंदच्या बाजारात; निरोप तिनंच धाडला होता. कांद्याच्या ढिगाशेजारी बसली होती, वाळून गेलेली. मी पुढ्यात उभी राहिले.

“बस की,” ती म्हणाली. “का पाय मोडलं?”

मी बसले. तिनं इकडंतिकडं बघितलं.

“वाकळ बरी हाय का?”

“बरी हाय.”

“आन् बारकी?”

“बारकी वाढलीया.”

तिनं मागं ठेवलेलं बोचकं माझ्याकडं सारलं. मी न सोडताच ओळखलं, हाताला माझा टाका लागला. आत ती दुसरी जुळी होती, पिवळ्या रेघेची. पोराच्या हाती लागू नये म्हणून तिनं ती इतके महिने चुलीमागच्या शेणकुटांत, गोवऱ्यांच्या ढिगात, पुरून ठेवली होती. धुराचा वास येत होता.

“ही बी तिकडंच जाऊ दे,” ती म्हणाली. “घरात ऱ्हायली तर कवातरी काठ जुळंल.”

“तुला कसं कळलं मला काय पायजे होतं ते?” मी विचारलं.

“मला काय कळलं न्हाई,” तानूबाई म्हणाली. “माझ्या नवऱ्याला बी कोयता घावायचा. तवा माझी वाकळ कुणी लपवली न्हाई.” मग लगेच म्हणाली, “आन् टाकं तुझं इरळच हायती, मी तवाच म्हणलंवतं.”

मी ते बोचकं मुमताजभाभीकडं पोचवलं. तिनं पुढं पोचवलं.

तानूबाई त्यानंतरच्या थंडीत वारली. विलास आहे, टेम्पो चालवतो. शैला जिवंत आहे. तिची लेक जिवंत आहे, शाळेत जाते.